बाविसाव्या मजल्यावरील बेगमी

वैशाख सरत आला, वळवाची एखादी सर येऊन गेली, की जुन्या मराठी घरात एक निराळीच लगबग सुरू होई. तिला आगोटीची बेगमी म्हणत. गहू, तांदूळ निवडून, उन्हे दाखवून, कडुनिंबाचा पाला घालून कणगीत भरावयाचे. मीठ, मिरची, चिंच, गूळ आपापल्या बरण्यांत जावयाची. पापड, कुरडया, सांडगे वाळवून माळ्यावर चढवावयाचे. सरपण आणि गोवऱ्या कोरड्या जागी रचून ठेवावयाच्या. हे सारे चार महिन्यांसाठी. ओढ्यानाल्यांस पूर येणार, वाट बंद होणार, आठवड्याचा बाजार भरेलच असे नाही, हे त्या घरातील लहान मुलासही ठाऊक असे. ह्या बेगमीत हौस होती, तशी थोडी भीतीही होती. आणि ती भीती अनुभवाने शिकविलेली होती.

पुण्याच्या पश्चिमेस मुळशी तालुक्यात असलेले हिंजवडी हे अशाच घरांचे गाव होते. भोवताली शेती, आणि चैत्रात म्हातोबाचे बगाड. बगाड आजही निघते; बाकीचे दृश्य मात्र पार पालटले आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने येथे संगणक-उद्योगासाठी जमीन घेतली, राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभा राहिला, आणि माण-मारुंजीपर्यंत वीस-वीस, पंचवीस-पंचवीस मजल्यांच्या इमारती चढत गेल्या. ह्या इमारतींतील बिऱ्हाडांत कोठीघर नाही, माळा नाही, आणि कणगी ठेवावयाची म्हटली तर ती लिफ्टमध्ये मावावयाची नाही. त्याचे कोणास दुःख होते असेही नाही. कारण मोबाइलवर बोट टेकविले की घटकाभरात दूध, भाजी, डाळ दारात येऊन पडते. दुकान हेच कोठीघर झाले आहे. पतिपत्नी दोघेही दिवसभर नोकरीवर असता ही सोय वापरणारास आळशी म्हणण्याचे कारण नाही. फक्त एवढेच ध्यानात ठेवावयास हवे, की ह्या कोठीघराची किल्ली आपल्या कमरेस नसून ती एका विजेच्या तारेला बांधलेली आहे.

६ जुलै २०२५ हा रविवार होता आणि आषाढी एकादशी होती. त्या दिवशी हिंजवडीस वीज पुरविणाऱ्या अतिउच्चदाबाच्या भूमिगत वाहिनीत बिघाड झाला. जमिनीखालची एक वाहिनी ती, परंतु तिच्यामुळे हजारो घरे अंधारात गेली आणि पुढे कित्येक कचेऱ्यांनी आपल्या लोकांस घरूनच काम करावयास सांगितले. घरी तरी वीज कोठे होती, हा प्रश्न वेगळा. पुरवठा पूर्ववत होण्यास कोठे काही तास लागले, तर कोठे दिवस. उपवास एका दिवसाचा असतो. अंधार किती दिवसांचा, हे त्या सायंकाळी कोणी सांगू शकत नव्हते.

उंच इमारतीत अशा वेळी जे घडते, त्याचा क्रम पाहण्याजोगा आहे. प्रथम दिवे जातात. त्याचे काही विशेष वाटत नाही. सोसायटीचा जनरेटर सुरू होऊन लिफ्ट व जिन्यावरील दिवे चालू राहतात, आणि लोक निर्धास्त होतात. जनरेटर डिझेलवर चालतो आणि डिझेल तासांच्या हिशेबाने संपते, हे पुढे ध्यानात येते. दरम्यान खालच्या टाकीतून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढविणारा पंप थांबलेला असतो. गच्चीवर जेवढे पाणी आहे तेवढे नळास येत राहते. परंतु ते संपणार अशी कुणकुण लागताच प्रत्येक घरात बादल्या, पातेली, परातीसुद्धा भरल्या जातात, आणि जे पाणी बेताने वापरले असते तर दिवसभर पुरले असते, ते तासाभरात संपते. मग मोबाइलचे मनोरे मंदावतात, हातातील यंत्राची वीज उतरते, पैसे देण्याची सोय बंद पडते. घटकाभरात सामान आणून देणारा मुलगा फाटकाशी येऊन उभा राहतो, वर मजला कितवा ते विचारतो, आणि बावीस ही संख्या ऐकून सामान पहारेकऱ्यापाशी ठेवून निघून जातो. त्यास दोष कोण देणार? तो दिवसभरात अशा किती इमारती चढणार?

पुणेकरांस हा धडा नवा नाही. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी अंबी नदीवरील, बांधकाम अद्याप पुरे न झालेले पानशेतचे मातीचे धरण फुटले, आणि त्या लोंढ्यापुढे मुठेवरील खडकवासल्याची जुनी भिंतही त्याच दिवशी खचली. नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले, पूल पाण्याखाली गेले, वाडे बसले. ह्या पुराच्या हकीकती पुष्कळांनी ऐकल्या आहेत. परंतु त्यातील एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. पुण्याच्या नळांस पाणी येई ते खडकवासल्याच्या तलावातून. भिंत गेली, तलाव रिकामा झाला, आणि सकाळी ज्या शहरात पाण्याने हाहाकार केला त्याच शहरात पुढे घोटभर शुद्ध पाण्यासाठी वणवण सुरू झाली. तेव्हा ज्यांची कोणी वास्तपुस्त ठेवीनासे झाले होते ते वाड्यांतील आड आठवले. नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजहून आणलेल्या पाण्याच्या हौदांकडे लोक पुन्हा वळले. नळ आल्यावर ज्यांनी आड बुजविले त्यांस शेजाऱ्याच्या आडावर जावे लागले, आणि ज्यांनी नुसतीच फळी टाकून ठेवली होती त्यांनी ती उचलली.

बाविसाव्या मजल्यावर आड खणता येत नाही. म्हणून तेथील बेगमीचा आरंभ धान्यापासून नव्हे, तर पाण्यापासून केला पाहिजे. पिण्यास व रांधण्यास मिळून माणशी दररोज चार लिटर हा साधारण हिशेब धरतात. चार माणसांच्या कुटुंबास तीन दिवसांसाठी अठ्ठेचाळीस लिटर, म्हणजे वीस लिटरचे अडीच जार. ही काही मोठी रक्कम नव्हे. पलंगाखाली सहज राहील. मात्र ऐन वेळी हाच जार खालून आणावयाचा म्हटले तर तो वीस किलोंचा होतो, आणि बावीस मजल्यांचे जिने तो घेऊन चढणे हे तरण्याताठ्या मनुष्याचेही एका दिवसात एकदाच करण्याचे काम आहे.

पिण्याच्या पाण्याची काळजी बहुतेकांस सुचते. दुसरे पाणी सुचत नाही, आणि कुटुंबाची खरी त्रेधा त्याच्याचमुळे उडते. शौचालयाची टाकी बंद पडल्यावर बादलीने पाणी टाकावयाचे म्हटले तरी एका वेळेस पाच लिटर लागतात. चार माणसे दिवसातून चार-चार वेळा गेली तर ऐंशी लिटर झाले. पिण्याच्या पाण्याच्या पाचपट! दोनशे लिटरचे एक झाकणाचे पिंप न्हाणीघरात भरलेले असेल तर अडीच दिवसांची अब्रू राहते. हे पिंप सज्जात ठेवू नये. भरलेले पिंप दोनशे किलोंहून जड असते. झाकण घट्ट असावे, कारण डास तर आहेतच, परंतु रांगते मूल उघड्या बादलीतही बुडू शकते. वीज नसता भांडी, भाजी, हात धुतलेले पाणी मोरीत सोडू नये. तेच शौचालयास वापरावे. आजीबाई उन्हाळ्यात तांदळाचे धुवण तुळशीस घालीत, त्यात नुसता धर्म नव्हता, काटकसरही होती.

साठविलेले पाणी स्वच्छ आहे अशी खात्री हवी. पाणी शुद्ध करण्याची जी यंत्रे आज स्वयंपाकघराच्या भिंतीवर दिसतात त्यांपैकी बहुतेक विजेवर चालतात, ही गोष्ट वीज गेल्यावरच आठवते. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुइलेन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले तेव्हा पाण्याच्या शुद्धतेविषयी शहरभर चर्चा झाली होती. टँकरचे अथवा संशयित पाणी असेल तर ते खळखळ उकळू लागल्यावर आणखी एक मिनिट तसेच उकळू द्यावे. इंधन नसेल तेव्हासाठी क्लोरीनच्या गोळ्यांची एक पट्टी जवळ असावी आणि तिच्या वेष्टनावर लिहिलेले प्रमाण बिनचूक पाळावे. आणि जुलाब झालेच, तर एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून, एवढे पेय घरच्या घरी होते. तयार पुड्या चार-सहा ठेवाव्या हे उत्तम.

अन्नाकडे वळावे तर मराठी घराइतके सुदैवी घर क्वचितच सापडेल. परदेशांत ह्या कामासाठी डबाबंद पदार्थांच्या लांबलचक याद्या छापतात. आपल्याकडे तहानलाडू-भूकलाडू हा शब्दच मुळी ह्यासाठी जन्मला. सातूचे पीठ गुळाच्या पाण्यात कालविले की जेवण झाले. चूल नको, विस्तव नको. पोहे भिजवून गुळाबरोबर खाता येतात. फुटाणे, शेंगदाणे, चुरमुरे, राजगिऱ्याच्या वड्या, मेतकूट, खजूर ह्यांतील एकही जिन्नस शीतकपाटात ठेवावा लागत नाही. शीतकपाटाविषयी एवढेच, की वीज गेल्यावर त्याचे दार वारंवार उघडून पाहू नये. दार बंद राहिले तर आतला गारवा सुमारे चार तास टिकतो. म्हणून दूध व शिजलेले अन्न आधी संपवावे, कोरडे मागाहून. विजेची शेगडी वापरणाऱ्या घरात एक साधी गॅसची शेगडी असावी, आणि गॅसची शेगडी असेल तेथेही काडीपेटी असावी. बटणाच्या ठिणगीवर सारी भिस्त ठेवू नये. रॉकेल, पेट्रोल किंवा जादा सिलिंडर साठविण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. अंधारापेक्षा आग वाईट, आणि बाविसाव्या मजल्यावरील आग तर फारच वाईट.

त्याच कारणास्तव मेणबत्तीपेक्षा विजेरी बरी. एका घरात दोन विजेऱ्या, आणि त्यांचे सेल वेगळे काढून ठेवलेले. आत राहिलेले सेल पाझरतात आणि ऐन वेळी विजेरी गंजलेली निघते. सेलवर चालणारा एक लहान रेडिओही असावा. रेडिओवरून बोलणाऱ्याने रेडिओची शिफारस करावी ह्याचे श्रोत्यांस हसू येणे स्वाभाविक आहे. तथापि इंटरनेट बंद पडल्यावर खरी बातमी आणि जिन्यातली अफवा ह्यांतील फरक सांगणारे घरात दुसरे साधन उरत नाही.

ह्यापुढील वस्तू लहान आहेत, परंतु त्यांवर जीव अवलंबून असतो. हिंजवडीच्या इमारतींतून तरुण कुटुंबे राहतात खरी, पण त्यांचे वृद्ध आईवडीलही गावाहून येऊन राहतात. लिफ्ट बंद पडली की सांधेदुखीने जखडलेली आजी बाविसाव्या मजल्यावर अक्षरशः बंदिवान होते. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या ‘उद्या आणू’ म्हणून राहिल्या असतील तर तो उद्या तीन दिवसांनी उगवतो. म्हणून रोजच्या औषधांचा निदान आठवड्याचा साठा हाताशी असावा आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत त्यासोबत असावी. मधुमेहाच्या रुग्णांचा प्रश्न अधिक नाजूक. इन्सुलिनच्या न उघडलेल्या कुप्या थंड जागी ठेवाव्या लागतात. म्हणून पुष्कळजण वीज जाताच त्या बर्फात घालतात, आणि गोठलेले इन्सुलिन निकामी होते. पूर्वापार उपाय येथेही कामास येतो. कुपी कोरड्या डबीत बंद करून ती मातीच्या ओलसर माठात ठेवली तर उन्हाळ्यातही बाहेरच्या हवेपेक्षा गारवा राहतो. किती दिवस वापरावे हे आपल्या डॉक्टरांस आधीच विचारून लिहून ठेवावे. ह्याखेरीज कापूस, पट्ट्या, जंतुनाशक, तापमापक, तापाच्या गोळ्या एवढे प्रथमोपचाराचे साहित्य कोणत्याही घरास जड नाही.

कागद आणि पैसा ह्यांचेही तेच. २५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने आणि मुसळधार पावसाने सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत घरे पाण्याखाली गेली, तेव्हा माणसे सुखरूप बाहेर निघाली तरी कपाटांचे खालचे खण भिजले. घराचे खत, विमा, ओळखपत्रे ह्यांच्या प्रती जाड प्लास्टिकच्या पिशवीत, वरच्या खणात असाव्या. त्याच पिशवीत शंभर-पन्नासच्या काही नोटा असाव्या. मोबाइलने पैसे देण्याची सवय झालेल्या घरात आज देवापुढे ठेवावयासही नाणे सापडत नाही. आणि कागदावर, शाईने, दहा दूरध्वनी-क्रमांक लिहिलेले असावे. आपल्या पत्नीचा क्रमांक पाठ असलेले किती गृहस्थ आज निघतील, ह्याची परीक्षा घरोघर आज रात्रीच घ्यावी. ११२ हा सर्व संकटांचा, १०८ रुग्णवाहिकेचा आणि १०१ अग्निशामकाचा, हे तीन तरी मुलांस तोंडपाठ असावे.

वस्तू कोणत्या, ह्याइतकेच त्या कोठे हेही महत्त्वाचे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप पहाटे झाला. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचाही पहाटेच. माणसे अंथरुणातून उठली ती अंधारात. अशा वेळी विजेरी स्वयंपाकघराच्या खणात असून उपयोग नाही. ती उशाशी हवी, आणि तिच्याजवळ पायातील वहाणा हव्या, कारण फुटलेली काच अनवाणी पायास वाट देत नाही. उलटपक्षी सारे सामान घरीच ठेवूनही भागत नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा लाखो माणसे कचेरीत, गाडीत, रस्त्यावर अडकली. त्यांची घरे भरलेली होती, ती मात्र रिकाम्या हाताने. हिंजवडीचे रस्ते पावसात कसे तुंबतात हे तेथे रोज जाणारास सांगावयास नको. कचेरीच्या खणात एक पाण्याची बाटली, मूठभर फुटाणे, एक दिवसाची औषधे आणि चालण्यास योग्य जोडा असावा.

येथे कोणी आक्षेप घेईल, की सर्वांनीच असा साठा केला तर बाजारात टंचाई होईल. आक्षेप रास्त आहे, परंतु तो बेगमीवर नसून साठेबाजीवर आहे. २४ मार्च २०२० च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि लोक दुकानांकडे धावले. ज्याने त्या रात्री चार पोती पीठ उचलले त्याने कोणाच्या तरी मुलाचे पीठ उचलले. ज्याच्या घरी पंधरा दिवसांचे धान्य नेहमीचेच होते तो त्या रात्री घरी बसला, आणि रांगेतली एक जागा दुसऱ्यास मिळाली. टंचाई नसताना, थोडे थोडे करून ठेवलेला साठा कोणाच्या तोंडचा घास काढीत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीस महापूर आला, पुणे-बंगळूर महामार्ग काही दिवस बंद राहिला, आणि तिकडून येणारे दूध पुण्यामुंबईस पोचेना. त्या आठवड्यात दुधाच्या भुकटीचा एक डबा ज्या घरात होता, त्या घराने दुधाच्या रांगेतील कोणा तान्ह्या मुलाच्या आईस आपली जागा दिली असे म्हणण्यास हरकत नाही.

साठा एकदा भरून विसरला तर त्यास कीड लागते. जपानात १९२३ साली १ सप्टेंबरला तोक्यो-योकोहामा भागात भीषण भूकंप झाला. त्या दिवसाची आठवण म्हणून तेथे दरवर्षी आपत्तीच्या तयारीचा दिवस पाळतात. त्या लोकांनी एक साधी रीत प्रचारात आणली आहे. संकटासाठी म्हणून वेगळे अन्न आणून कोंडून ठेवावयाचे नाही. रोज जे खातो तेच थोडे जास्त आणावयाचे, जुने आधी वापरावयाचे आणि जेवढे संपले तेवढे भरावयाचे. ही रीत आपल्या आजीच्या बरणीस नवी नव्हे. नवे तांदूळ ती जुन्यावर ओतीत नसे, आधी जुने काढून घेई. हिंजवडीच्या बिऱ्हाडात पाण्याचे जार दर एकादशीस बदलले, औषधे व सेल मृग लागण्यापूर्वी एकदा आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा पाहिले, तर निराळे पंचांग लागणार नाही.

एका घराची बेगमी पुरी झाली तरी मजल्याची होत नाही. प्रत्येक मजल्यावर चार-सहा बिऱ्हाडे असतात, आणि वर्षानुवर्षे लिफ्टमध्ये एकमेकांस पाहूनही त्यांची नावे ठाऊक नसतात. आपल्या मजल्यावर एकटे राहणारे वृद्ध कोण, प्राणवायूच्या यंत्रावर असलेला रुग्ण कोण, पाळण्यातले मूल कोणाच्या घरी, एवढे विचारून ठेवण्यास पैसा पडत नाही. सोसायटीच्या बैठकीत वाहनतळावरून दोन तास वाद घालणाऱ्या मंडळींनी जनरेटर किती तास चालेल आणि गच्चीवरील टाकीत किती दिवसांचे पाणी मावते, हे दोन प्रश्न एकदा विचारून उत्तरे फलकावर लावावी.

आणि घरातील त्या फडताळाच्या दाराच्या आतल्या बाजूस एक कागद चिकटवावा: कोणती वस्तू, किती, कोणत्या तारखेस भरली. शेजारी दोऱ्याने एक पेन्सिल बांधून ठेवावी. पेन नको, सहा महिने पडून राहिलेले पेन ऐन वेळी लिहीत नाही.